टर्बो गाडीला ऑइल कॅच कॅन बसवताना: आधी पाइप ओळखा, मग पक्कड उचला

आमच्याकडे मुलांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेली, मिलीच्या खुणा असलेली एक प्लॅस्टिकची टोपी आता कायमची गॅरेजवासी झाली आहे. महिन्यातून एकदा मी तिच्यात बॉनेटखालच्या एका डब्यात साठलेला ऐवज मोजतो. दिसायला दूध जास्त झालेली कॉफी, वासाला पेट्रोल, बोटांना तेलकट. गेल्या जुलैत बाराशे किलोमीटरला चार टोप्या निघाल्या, म्हणजे ४० मिली. मे महिन्यात तेवढ्याच अंतराला जेमतेम दीड टोपी, पण ती काळपट तपकिरी आणि दाट. डबा नसता तर हा सगळा माल हवेच्या वाटेनं परत इंजिनच्याच पोटात गेला असता.

हा डबा म्हणजे ऑइल कॅच कॅन. माझी गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाली. कॅन बसवताना मी दोनदा चुकलो आणि एकदा फसलो, त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं त्या फजितीतून आलेलं आहे. काम अवघड नाही. १० नंबरचा पाना आणि पक्कड धरता येणाऱ्या माणसाला एका रविवारच्या सकाळी जमतं. फक्त अंगणातल्या नळाला पाइप लावण्याइतकं सोपं समजू नका, कारण हात इंजिनच्या श्वासनलिकेत जातो.

हा ऐवज येतो कुठून

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं की बहुतेक दाब पिस्टनला खाली ढकलण्यात खर्च होतो, पण थोडा वायू रिंगांच्या फटीतून निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, उतरतो. कोऱ्या इंजिनातही उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. टर्बो गाडीत सिलिंडरमधला दाबच मोठा, म्हणून निसटणारा वायूही जास्त. खाली क्रँक तेल घुसळत असतोच, त्यामुळे तिथल्या हवेत तेलाचे बारीक तुषार तरंगत असतात. त्यात हा वायू पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल घेऊन मिसळतो. ते मिश्रण बाहेर काढलं नाही तर क्रँककेसचा शिट्टी अडकलेला कुकर होतो. जिथलं ऑइल सील कच्चं असेल तिथून तेल वाट काढतं, कधी डिपस्टिकच उडी मारून वर येते.

जुन्या गाड्यांत हा वायू एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून तो पुन्हा हवेच्या वाटेत ओढून इंजिनमध्येच जाळायची पद्धत आली. तीच पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन), आणि आज ती प्रत्येक पेट्रोल गाडीत असते. इंजेक्टर, हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या मागे, हवेच्या वाटेतच पेट्रोल फवारत होते तोवर यातून मोठा त्रास नव्हता, ते पेट्रोल व्हॉल्व्हची पाठ धुऊन काढायचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं. व्हॉल्व्हच्या पाठीला आता मिळते ती नुसती हवा आणि तेलाचे तुषार.

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची पाती दोन वर्षांनी उतरवून बघा. फोडणीच्या वाफेचा जो चिकट थर सुरीनं खरवडावा लागतो, तोच प्रकार व्हॉल्व्हवर होतो, फक्त तिथल्या उष्णतेनं तो भाजून त्याचा कोळसा बनतो. मग सकाळी थंड इंजिन चालू केलं की मिसफायर, आयडलिंगला थरथर, पिकअप मंद. दुसरा त्रास इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोनं दाबून गरम झालेली हवा थंड करणाऱ्या भागाचा. तेलाचा हात आतून फिरला की तो हवा नीट थंड करत नाही, आणि तेलाचा अंश मिश्रणात गेला की नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून होणाऱ्या खडखडीची) शक्यता वाढते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते ओळखून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि आपल्याला वाटतं गाडी म्हातारी झाली.

कॅच कॅन या वाटेत मध्ये बसतो. गरम वायू डब्यात शिरला की त्याचा वेग कमी होतो, तो आतल्या जाळीवर आणि पडद्यांवर आपटतो, थोडा थंड होतो आणि थेंब खाली बसतात. स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी हेच काम करते.

टर्बोत वाटा दोन असतात

नवख्या माणसाची गाडी इथेच अडते, म्हणून जरा थांबून समजून घ्या. साध्या इंजिनात हवेच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जवळजवळ नेहमी ओढ असते. टर्बोमध्ये तसं नाही. शहरात हळू चालवताना किंवा आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये ओढ असते आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून वायू थेट तिकडे जातो. पाय दाबला, टर्बो भरला की त्याच मॅनिफोल्डमध्ये उलट दाब तयार होतो. तेव्हा पीसीव्ही व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू दुसऱ्या वाटेनं, टॅपेट कव्हरवरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, ब्रीदर पाइपातून, एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या नळीत जातो. तिथे टर्बो सतत हवा ओढत असतो.

म्हणजे पहिली वाट व्हॉल्व्ह काळे करते, दुसरी वाट टर्बो आणि इंटरकूलर तेलकट करते. रोज हडपसर ते शिवाजीनगर रखडत जाणाऱ्या गाडीला पहिल्या वाटेवरचा कॅन उपयोगी. वीकेंडला घाट चढणाऱ्या किंवा ट्यूनिंग करून बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवलेल्या गाडीला दुसऱ्या वाटेवरचाही लागतो. दोन्ही वाटांसाठी दोन वेगळे कॅन घेतात, किंवा तीन तोंडांचा एकच. माझा सल्ला, पहिल्यांदा एकच वाट, एकच कॅन. पुढच्या सूचना मॅनिफोल्डकडच्या वाटेसाठी आहेत, ब्रीदरचं वेगळेपण जिथल्या तिथे सांगतो.

आधी खरंच हवाय का ते बघा

गाडीच्या नावात जीडीआय किंवा टीएसआय अशी अक्षरं असतील तर डायरेक्ट इंजेक्शन आहे आणि कॅनचा विचार करायला जागा आहे. पोर्ट इंजेक्शनच्या (व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारणाऱ्या) टर्बोला, बूस्ट वाढवलेला नसेल तर, मी तरी पैसे घालणार नाही. व्हॉल्व्हवर आधीच कार्बन जमला असेल तर कॅन तो साफ करत नाही. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात, ते काम आधी करून घ्या. शिवाय व्हॉल्व्ह गाइडमधून पाझरणारं तेल आणि ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी याही कार्बन चढवतात आणि त्यांच्या वाटेत हा डबा नसतो. कॅननं थर चढायचा वेग कमी होतो, थांबत नाही. ताकद वाढते असं कुणी सांगत असेल तर चहा पिऊन निघा.

गाडी वॉरंटीत असेल तर तोंडी ‘चालतंय की’वर जाऊ नका, सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

आणखी एक. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर आहे का ते पाहा. सर्व्हिसमध्ये जास्त तेल ओतलेलं असणं फार सर्रास आहे. क्रँक त्यात बुडून फेस करतो आणि तुषार दुपटीनं उडतात. अशा गाडीला कॅनपेक्षा थोडं तेल काढून टाकणं स्वस्त पडतं.

डबा विकत घेताना

माझी फसगत इथे झाली. ऑनलाइन घेतलेला पहिला कॅन दिसायला झकास, निळा चकचकीत ॲल्युमिनियम. घरी आल्यावर झाकण फिरवून बघतो तर आत काही नाही. एका भोकातून वायू येणार, समोरच्या भोकातून तसाच निघून जाणार. नक्षीचा रिकामा डबा. म्हणून घेण्याआधी आतला फोटो मागा. आत येणारा वायू आधी खाली किंवा जाळीत वळवणारा पडदा हवा, स्टेनलेस जाळी किंवा फिल्टर हवा, आणि बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला, साठलेल्या तेलापासून लांब हवं. रस्त्यावरच्या गाडीला ३०० ते ५०० मिलीचा डबा पुरतो. तळाला काढायचा कॉक असेल तर दर वेळी डबा उतरवावा लागत नाही.

रिकाम्या डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबायचा जुगाड पुष्कळ जण सुचवतात. नका करू. साध्या लोखंडी घासणीचे तुकडे गंजून सुटतात. टर्बोचं पातं मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं, त्याच्यावर एक तार गेली तर बिल टर्बोचं येईल. स्टेनलेस असली तरी ती दोन भोकांच्या चकत्यांमध्ये घट्ट कोंडलेली नसेल तर माझ्या गाडीत नको.

आता पाइप. माझी पहिली चूक. घरात कूलंटचा रबरी पाइप पडून होता, मापही जुळत होतं, तोच लावला. दोन महिन्यांनी हात लावला तर पाव पाण्यात भिजवल्यासारखा फुगलेला. कूलंटचा रबर तेल सहन करत नाही. रंगीत सिलिकॉन पाइप सुंदर दिसतात, पण साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरून बाहेर घामासारखं येतं. तेल आणि पेट्रोल दोन्हींना चालणारा नायट्राइल पाइप घ्या. त्यावर ‘एसएई ३० आर ७’ असा छाप असतो, तो पीसीव्हीलाही चालतो. भिंत जाड हवी, नाहीतर मॅनिफोल्डच्या ओढीनं पाइप आतल्या आत चपटा होतो. आतला व्यास मूळ पाइपाइतका किंवा थोडा मोठा, लहान कधीच नाही. कॅनची तोंडं ९ मिलीमीटरची आणि गाडीचा पाइप १५ चा असेल तर तो कॅन परत करा. क्रँककेसचा गळा आवळून तेल वाचवण्यात काही शहाणपण नाही.

याशिवाय लागेल: तोंडांच्या मापाच्या चार ते सहा जुबली क्लिपा (स्क्रूनं आवळायच्या पट्ट्या), एक एकमार्गी व्हॉल्व्ह (तेल-पेट्रोल सहन करणारा, मोठ्या भोकाचा), ब्रॅकेटसाठी ३ मिलीमीटरची लोखंडी पट्टी, रबरी वॉशर, फडकी, आणि सर्जिकल हातमोजा. हातमोजा घालायला नाही, पुढे कळेल.

रविवार सकाळ

आदल्या दिवशी, कुठलाही पाइप न उघडता, दोन नोंदी करून ठेवा. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) मोबाइलला जोडून इंजिन गरम असताना आयडलिंगला फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे बघा आणि लिहा. मग ऑइल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर हातमोजा ताणून बसवा. इंजिन नीट श्वास घेत असेल तर मोजा किंचित आत ओढला जातो. फुगून हात वर केल्यासारखा उभा राहिला तर क्रँककेसमध्ये दाब आहे, म्हणजे पीसीव्ही बिघडलाय किंवा रिंगा गेल्यात, आणि कॅनचा बेत इथेच थांबवून मिस्त्रीला गाठायचं. काही इंजिनं झाकण उघडताच आयडलिंगला डगमगतात, घाबरू नका, दहा सेकंदांत काम उरका.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना बसा. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा आणि प्रत्येक पाइपाचा फोटो घ्या. कंटाळा न करता घ्या, परत जोडताना हे फोटोच उपयोगी पडतात.

पीसीव्हीचा पाइप टॅपेट कव्हरपासून किंवा ब्लॉकच्या बाजूपासून निघून थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डला मिळतो. ब्रीदर टॅपेट कव्हरपासून निघून टर्बोच्या आधीच्या मोठ्या नळीला. खात्री करायची तर इंजिन आयडलिंगला ठेवून मॅनिफोल्डकडचा पाइप क्षणभर सैल करा, बोटाला खेच जाणवेल आणि आवाज बदलेल. हे करताना बाही वर, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब. काही इंजिनांत तेल वेगळं करणारा सेपरेटर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच घडवलेले असतात, बाहेर पाइपच दिसत नाही. त्यांना त्या इंजिनसाठी बनवलेली ॲडॉप्टर प्लेट लागते. कव्हरला ड्रिल मारायच्या फंदात पडू नका.

जोडणीचे प्लॅस्टिकचे खटके पाच-सात वर्षांत बिस्किटासारखे होतात. ओढून काढायच्या आधी हेअर ड्रायरनं मिनिटभर शेकवा, मग दोन्ही बाजूंनी दाबून सरळ रेषेत ओढा. मूळ पाइप कापू नका, तो अख्खा काढून बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी नवीन पाइप टाका.

डब्याची जागा ठरवताना माझी अर्धी सकाळ गेली होती, आणि ती जायलाच हवी. टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर, शक्यतो पुढच्या बाजूला जिथे वारा लागतो, कारण डबा जितका थंड तितके थेंब जास्त. इंजिनकडून डब्याकडे येणारा पाइप उताराचा असावा. मध्ये लटकता झोळ राहिला तर तिथे पाणी आणि तेल साचून वाट बुजते. टोरांटो किंवा डेट्रॉइटकडे असणाऱ्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिथल्या हिवाळ्यात असा झोळ गोठतो, क्रँककेस कोंडतो आणि सील फुटतं. त्या थंडीत डबा दर आठवड्याला रिकामा करायचा, किंवा हिवाळ्यापुरता मूळ पाइप परत लावायचा.

ब्रॅकेट बॉडीवरच्या आधीपासून असलेल्या बोल्टला द्या. वायपरच्या पाण्याच्या बाटलीजवळ किंवा सस्पेन्शनच्या टॉवरजवळ असा एखादा सापडतोच. ब्रेकच्या नळ्यांच्या किंवा एबीएसच्या बोल्टला हात लावायचा नाही. पट्टी आणि बॉडीमध्ये रबरी वॉशर ठेवा. आणि इंजिन आपल्या माउंटवर हलतं, विशेषतः तीन सिलिंडरचं, हे विसरून पाइप तंग ठेवू नका, बोटभर ढील असू द्या. बॉनेट हळूच लावून बघा, डब्याचं झाकण टेकत नाही ना.

डबा बसवायच्या आधी त्यात अर्धा पेला पाणी ओतून कॉक गळतो का ते बघा, मग तो पूर्ण कोरडा करा. एका तोंडाला फुंकर मारा, हवा अडखळली नाही पाहिजे.

जोडणीचा क्रम असा: इंजिनचा पीसीव्ही व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागीच, तिथून पाइप डब्याच्या ‘इन’ला, डब्याच्या ‘आउट’मधून पाइप एकमार्गी व्हॉल्व्हला, बाण मॅनिफोल्डकडे, आणि तिथून मॅनिफोल्डला. इन-आउट लिहिलेलं नसेल तर जे तोंड आतल्या पडद्याकडे किंवा जाळीखाली उघडतं ते इन. क्लिपा पाइपाच्या टोकापासून थोड्या आत, रबर कापला जाईल इतक्या आवळू नका.

तो एकमार्गी व्हॉल्व्ह कशाला, पीसीव्ही व्हॉल्व्ह आहेच की, असं मलाही वाटलं होतं. ही दुसरी चूक. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास. वर कडेला थांबून बॉनेट उघडलं तर डब्याच्या तळाची नळी सुटून लोंबत होती आणि बॅटरीच्या बाजूवर तपकिरी शिंतोडे. पीसीव्ही व्हॉल्व्ह इंजिनच्या बाजूला होता, म्हणजे बूस्ट आला की मॅनिफोल्डचा सगळा दाब उलटा माझ्या डब्यात भरत होता. डब्याच्या नंतर एकमार्गी व्हॉल्व्ह असता तर तो दाब डब्यापर्यंत आलाच नसता. नशिबानं तेल गरम एक्झॉस्टवर उडालं नाही, नाहीतर धुरावर भागलं नसतं.

ब्रीदरच्या वाटेवर मात्र असा व्हॉल्व्ह टाकायचा नाही. हळू चालवताना अनेक इंजिनांत त्याच पाइपातून स्वच्छ हवा उलट दिशेनं क्रँककेसमध्ये जाते, ती अडवली की आतला ओलावा आतच राहतो. तिथे नुसता डबा, दोन पाइप, चार क्लिपा.

चालू केल्यावर

पहिली दहा मिनिटं आयडलिंगला ठेवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडून कान द्या. ओढीच्या बाजूला फेस आत खेचला जातो, सुसू आवाज येतो. मग पुन्हा हातमोजा, पुन्हा स्कॅनर. मोज्याची ओढ कालच्याइतकीच हवी. फ्युएल ट्रिम कालपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी वर गेला असेल तर कुठेतरी न मोजलेली हवा शिरते आहे. काही दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१ हा कोड आला तरी अर्थ तोच, मिश्रण पातळ. नव्वद टक्के वेळा एखादी क्लिप सैल असते. मोजा फुगला तर मात्र गाडी बाहेर काढू नका. पाइप दुमडलाय, व्हॉल्व्ह उलटा बसलाय किंवा जाळी फार घट्ट आहे.

सगळं ठीक असेल तर घाट नको, आधी गल्लीत एक चक्कर, मग मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा पूर्ण पाय, आणि परत येऊन पुन्हा क्लिपा. गरम होऊन थंड झालेल्या रबरावर क्लिप अर्धा फेरा तरी आणखी बसते.

वर उघडा फिल्टर लावलेले डबे

दुकानदार हमखास विचारतो, ‘साहेब, वर छोटा फिल्टर लावून देऊ? सोपं पडेल.’ म्हणजे वायू परत इंजिनला न देता हवेत सोडायचा. ही पद्धत रेसिंगची. एफआयएच्या (मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत दोन हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २ लिटरचा आणि त्यावरच्या गाडीला ३ लिटरचा डबा सांगितलेला आहे, आतलं दिसेल असा, आणि त्याचा हेतू एवढाच की ट्रॅकवर तेल सांडून मागचा घसरू नये. रस्त्यावर मात्र क्रँककेसचा वायू हवेत सोडायला बीएस-६ मध्ये परवानगी नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांबद्दलच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी सिग्नलला थांबल्यावर एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास घेत बसायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. बंद डबाच घ्या, दोन्ही तोंडं इंजिनशी जोडलेला.

डबा वाचायला शिका

पहिल्यांदा ५०० किलोमीटरनं उघडा. नंतर हजार-दीड हजारानं, पावसाळ्यात महिन्याला. मोजमाप लिहून ठेवा, कारण आकड्यापेक्षा त्यातला बदल जास्त बोलतो. पांढरट कॉफीसारखं निघालं तर ते तेलात घुसळलेलं पाणी. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि दमट हवा असली की इंजिन पुरतं तापतच नाही आणि वाफ तशीच राहते. एकदा एक्सप्रेस वेवर तासभर गाडी पळवून आणली की पुढच्या वेळी रंग बदलतो. पण उन्हाळ्यातही दुधाळ येत असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट तपासा. निव्वळ तेल भराभर साठू लागलं, अर्धा डबा हजार किलोमीटरला, तर डब्याचं कौतुक करू नका. रिंगा, टर्बोचं सील किंवा पीसीव्हीचा पडदा यांतलं काहीतरी गेलंय. कम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून घ्या. उलट, दोन हजार किलोमीटरला काहीच निघालं नाही तर खूश होण्याआधी पाइप योग्य वाटेवर आहे ना आणि इन-आउट उलटे नाहीत ना ते बघा.

निघालेला माल पुन्हा इंजिनमध्ये ओतायचा नाही. ‘तेलच आहे की’ म्हणणारे भेटतील, पण त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असतं. मी तो एका जुन्या बाटलीत जमवतो आणि भरली की कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात देतो. गटारात अजिबात नाही.

वर्षातून एकदा जाळी काढून डिझेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा. सर्व्हिसला गाडी देण्याआधी डबा रिकामा करा आणि मुकादमाला तो दाखवून द्या, नाहीतर एखादा पोरगा वायपरचं पाणी म्हणून त्यात शाम्पू ओतायचा. मूळ पाइप आणि खटके पिशवीत घालून जपून ठेवा, गाडी विकताना किंवा वॉरंटीचं काही निघालं तर पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. माझी पिशवी माळ्यावर आहे. तिच्यावर मार्करनं ‘टाकू नये’ असं लिहिलंय, कारण दिवाळीच्या साफसफाईत एकदा ती भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत पोहोचली होती.